संशयात्म्याचं पारायण

आईची नजर मधोमध गेली. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या मागच्या खिडकीतली तुळस मात्र दिसते. डॉक्टरांनी मॅक्युलर डीजनरेशन असं नाव सांगितलं, वयोमानानं होणारं. चालणं-फिरणं जमतं, चहाचा कप सापडतो. पोथीचं अक्षर तेवढं कायमचं संपलं.

तिचं माहेर नेवाशाजवळचं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे. पैस खांबाच्या आवारात आपण लहानपणी खेळलो, हे ती अजून नातवंडांना सांगते. दर श्रावणात सात दिवसांचं पारायण हा तिचा नेम. घरातलं माणूस दवाखान्यात असतानाही तिनं तो मोडलेला मी पाहिलेला नाही. गेल्या आषाढीनंतर एक दिवस जेवता जेवता तिनं विचारलं, "औंदा तू वाचशील का रे?"

मी म्हणालो, "मोबाईलवर लावून देतो की. चांगल्या आवाजातलं आहे."

"ते ऐकणं झालं," ती म्हणाली. "पारायण नव्हं."

इथे माझी अडचण सांगायला हवी. मी अज्ञेयवादी आहे, म्हणजे देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही असं मानणारा. हा शब्द कुणापुढे उच्चारला की दोनच प्रतिक्रिया येतात. आस्तिक म्हणतात, "म्हणजे अजून पटायचाय तुला." नास्तिक म्हणतात, "म्हणजे सरळ नाही म्हणायला घाबरतोस." दोघांनाही मी कुंपणावर बसलेला वाटतो. ते मला आवडत नाही, पण कुंपणावर बसणारे बरेचजण स्वतःला हेच नाव लावतात, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

कॉलेजात मी कडक नास्तिक होतो. आईच्या भजनी मंडळातल्या बायका घरी आल्या की मुद्दाम वाद उकरून काढायचो, आणि एकदा एका म्हातारीला रडवलं होतं. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. पुढे वडिलांच्या कपाटात आगरकरांचे निबंध सापडले. ज्यांची जिवंतपणी पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली ते आगरकर माझ्यासारखेच तोंडाळ नास्तिक असणार अशी माझी समजूत होती. वाचल्यावर कळलं की हा माणूस मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ पचवून बसलेला आहे आणि विश्वाचं आदिकारण माणसाच्या बुद्धीच्या टप्प्याबाहेरचं आहे म्हणून तिथे थांबतो. मात्र केशवपन, बालविवाह, सोवळंओवळं इथे तो अजिबात थांबत नाही. कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही, हा फरक मला तेव्हा नीट कळला नव्हता. तो पुढे नोकरीनं शिकवला.

मी भोसरीत कॅलिब्रेशनच्या लॅबमध्ये आहे, सव्वीस वर्षं. कारखान्यांतले मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल, वजनं आमच्याकडे येतात. आम्ही ती आमच्या मास्टरशी, म्हणजे प्रमाण मापाशी, ताडून दाखला देतो. आमचा मास्टर त्याच्या वरच्या मास्टरशी ताडलेला, तो त्याच्या वरच्याशी. अशी ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, आणि वजनाच्या बाबतीत पूर्वी तिथून पॅरिसजवळच्या सेव्र गावात ठेवलेल्या एका धातूच्या ठोकळ्यापर्यंत जायची. भारताकडे त्या ठोकळ्याची ५७ नंबरची प्रत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर नेली. त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही पेढे वाटले होते. बाहेरच्या कुणाला त्यात पेढे वाटण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

या धंद्यात पहिली शिकवण अशी की नुसता आकडा कधी लिहायचा नाही. दाखल्यावर मोजमाप असतं आणि त्याच्या शेजारी अधिक-उणे करून अनिश्चितता असते, बहुधा ९५ टक्के खात्रीची. शंभर मिलिमीटरचा स्लिप गेज, म्हणजे लांबी ताडायचा ठोकळा, हातात जास्त वेळ धरला तर तळव्याच्या उबेनं फुगतो. एक अंश तापमान वाढलं की मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. म्हणून खोली २० अंशांवर ठेवायची, गेज तासन्तास तिथे निवू द्यायचा, आणि एवढं करूनही "साधारण इतकं, या मर्यादेत" असंच लिहायचं. ज्या दाखल्यावर अनिश्चितता लिहिलेली नाही तो आमच्या लेखी दाखलाच नव्हे.

दुसरी शिकवण रेंजची. सोनाराच्या तराजूवर गव्हाचं पोतं ठेवलं तर तराजू शून्य दाखवत नाही, ओव्हरलोड दाखवतो. नवी पोरं कामाला येतात तेव्हा मी हे करून दाखवतो, कारण "नाही" आणि "माझ्या आवाक्याबाहेर" या दोन वेगळ्या नोंदी आहेत. देवाबद्दल माझी नोंद दुसरी आहे. असं म्हटलं की माझा एक नास्तिक मित्र लगेच म्हणतो, "पण तराजूवर पोतं ठेवलंय हे तुला दिसतं तरी. इथे पोतंच दिसत नाही, मग ओव्हरलोड कशावरून?" त्याचा मुद्दा खोटा नाही. ओव्हरलोड दाखवायलाही तराजूवर काहीतरी पडावं लागतं. माझ्या तराजूवर काही पडलंय की तो आपला आपणच चाळवलाय, हेही मला ठरवता येत नाही. मी त्याला एवढंच म्हणतो की मग तुझाही शून्याचा दाखला मला नको.

मात्र रेंजमधलं असेल तर मोजायचंच. दोन वर्षांपूर्वी मंडळातली एक बाई आईला कुणा बुवाकडे नेणार होती, अंगाऱ्यानं डोळे येतात म्हणून. अंगाऱ्यानं नजर येते की नाही हे अज्ञेय नाही, नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्यावर मोजता येतं. मी नाही म्हणालो, आणि वाद झाला. आई गेली नाही. माझ्यामुळे की तिचं तिलाच पटलं नव्हतं म्हणून, ते मी विचारलं नाही.

तर असा माणूस पारायणाला बसला. आईच्या पोथीत पेन्सिलीच्या खुणा होत्या: पहिल्या दिवशी पाच अध्याय, दुसऱ्या दिवशी नवव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी बाराव्यापर्यंत, चौथ्या दिवशी एकटा तेरावा, पाचव्या दिवशी दोन, सहाव्या दिवशी दोन, आणि सातव्या दिवशी अठरावा, जो एकटाच अठराशे ओव्यांच्या घरातला. एकूण नऊ हजारांच्या आसपास. बायकोनं चौरंग मांडला, आईनं चाचपत चाचपत पोथीला अष्टगंध लावलं. नियम आईनं सांगितले. आंघोळ करून बसायचं. अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही. वाचताना मधे बोलायचं नाही, वाचणाऱ्यानंही आणि ऐकणाऱ्यानंही.

"आणि विश्वास?" मी विचारलं.

"त्याचं काय?"

"तो नसला तर चालतं का?"

ती थोडं थांबली. "आवाज असला म्हंजे झालं," म्हणाली.

पहाटे साडेपाचला सुरुवात केली आणि पहिल्याच ओवीत अडखळलो. "जय जय स्वसंवेद्या". ज्याचं ज्यालाच कळतं, असा तो. लहानपणापासून हा शब्द कानावरून शेकडो वेळा गेला होता, आरतीतल्या शब्दांसारखा, अर्थाशिवाय. आता स्वतःच्या तोंडून आला तेव्हा वाटलं, नऊ हजार ओव्यांच्या दारातच पाटी लावली आहे की हे दुसऱ्या कुणाच्या मापात यायचं नाही. अर्थात ज्ञानदेवांना मी म्हणतो ते म्हणायचं नव्हतं. त्यांच्या लेखी तो 'स्व' आणि आपला 'स्व' एकच आहे, म्हणून दार बंद नाहीच, आतूनच उघडं आहे. मला ते आतलं दार सापडलेलं नाही. त्यांच्या ओवीचं माझ्या सोयीचं अर्धं उचलायचं आणि उरलेलं सोडायचं, हा लबाडपणा मी तरुणपणी खूप केला. आता करताना निदान कळतं तरी.

जुनी मराठी जिभेवर बसायला वेळ लागला. तैं, जैं, आघवें, म्हणौनि. पहिल्या तासात मी शाळेत धडा वाचावा तसा वाचत होतो. दुसऱ्या अध्यायात कुठेतरी चार चरणांचा झोका सापडला, तीन लांब आणि शेवटचा तोकडा, आणि मग वाचणं जरा आपोआप होऊ लागलं.

चौथा अध्याय संपत आला आणि "संशयात्मा विनश्यति" समोर आलं. ते येणार हे मला ठाऊक होतं. गीतेतलं हे एक वाक्य माझ्यावर आजवर इतक्या जणांनी फेकलंय की पाठच झालंय. पण त्यावरच्या ओव्या मी कधी वाचल्या नव्हत्या. ज्ञानदेव तिथे जरासुद्धा सवलत देत नाहीत. नजर पुढे धावली, एक ओवी दिसली, आणि मी ती गाळली. श्वास घ्यायला थांबावं तसं थांबलो आणि पुढच्या ओवीवर गेलो. का गाळली याची कारणं त्या दिवसभरात मी तीन-चार तयार केली. खरं एवढंच की ती ओवी आईसमोर मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटली. दुसऱ्याची वाक्यं तोंडात घेऊन स्वतःलाच शाप द्यायचा, तोही आंघोळ करून, अष्टगंध लावून.

पाचवा संपायला पावणेदहा झाले. पोथी झाकल्यावर आईनं चार शब्दांचे उच्चार दुरुस्त केले. तुझा घसा बसणार, सुंठ-खडीसाखर ठेव, असं सांगितलं. ओवीबद्दल काही बोलली नाही. कळलं नसेल असं मी धरून चाललो.

दुसरा दिवस रेटला. घसा खरंच बसला. कामावर उशीर झाला, साहेबांना काय सांगायचं हा प्रश्न पडला आणि मी "आईची तब्येत" असं सांगितलं. पारायण करतोय म्हणायला जीभ रेटली नाही. तरुणपणी देव मानत नाही हे सांगायला मिरवायचो, आणि आता पोथी वाचतो हे सांगायला लाजलो. दोन्ही वेळेला लोक काय म्हणतील हेच.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा इंग्रज शास्त्रज्ञ हक्सलेचं पत्र पुन्हा वाचलं. अज्ञेयवादाला इंग्रजीत जो शब्द आहे तो थॉमस हक्सलेनं १८६९ मध्ये घडवला. आजूबाजूला सगळ्यांनाच सगळं कळलेलं होतं, म्हणून आपल्याला कळलेलं नाही हे सांगणारा शब्द त्याला हवा होता. पण मला त्या शब्दापेक्षा १८६० चं हे पत्र जवळचं वाटतं. सप्टेंबरमध्ये त्याचा जवळजवळ चार वर्षांचा मुलगा नोएल गेला. चार्ल्स किंग्सली नावाच्या धर्मोपदेशक मित्रानं सांत्वनाचं पत्र पाठवलं, मरणानंतरच्या जीवनाचा आधार देणारं. हक्सलेनं लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा की अमरत्व मी नाकारतही नाही आणि मानतही नाही. मानायला कारण दिसत नाही, खोडून काढायला साधन नाही. लहान मूल नुकतं पुरलेलं असताना माणूस हे लिहितो. मला हे कुंपणावर बसणं वाटत नाही. त्या दिवसांत "हो" म्हणणं किती सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी विश्वरूप. अकरावा अध्याय वाचताना पोरगासुद्धा दारात येऊन बसला, कारण मजकूर सिनेमासारखा आहे. मला त्यातली एकच गोष्ट नव्यानं लागली. अर्जुन म्हणतो दाखव, आणि कृष्ण दाखवतो, पण अर्जुनाला काही दिसत नाही. मग कृष्ण म्हणतो, या डोळ्यांनी तुला दिसायचं नाही, दुसरे देतो. म्हणजे उपकरणाची रेंज खुद्द गीतेलाही मान्य आहे! फरक एवढाच की तिथे नवं उपकरण देणारा कुणीतरी आहे. आणि मिळाल्यावर अर्जुन काय करतो? घाबरतो आणि आधीचंच रूप दाखव म्हणून हात जोडतो. आई डोळे मिटून ऐकत होती. तिच्यासमोर डोळ्यांचा हा भाग वाचताना माझा आवाज किंचित खाली गेला असावा, कारण तिनं मांडीवर बोटं आपटली. मोठ्यानं वाच, अशी ती खूण.

चौथा दिवस तेराव्याचा. जवळजवळ बाराशे ओव्या. या अध्यायाबद्दल मला आधीपासून कुतूहल होतं, कारण ज्ञान म्हणजे काय ते इथे सांगितलंय. गीतेत पाच श्लोक. ज्ञानदेव त्यांवर शेकडो ओव्या खर्च करतात. मी माझ्या सवयीनं व्याख्येची वाट बघत होतो. देव कसा आहे, कुठे आहे, कशानं कळतो. तर यादी सुरू झाली: मान नको वाटणं, दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरूची सेवा, शुचिता, स्थैर्य. सगळी माणसाची लक्षणं. ज्ञान म्हणून देवाविषयीची माहिती कुठेच नाही. ज्ञेयाचं वर्णन पुढे येतं, तेव्हा गीता म्हणते की त्याला सत् म्हणता येत नाही आणि असत्‌ही म्हणता येत नाही.

अहिंसेवर ज्ञानदेव इतके रेंगाळतात की शेवटी त्यांनाच विषय लांबल्याचं भान येतं. यज्ञातली हिंसा, औषधासाठी झाडं ओरबाडणं, सगळ्याचा समाचार घेतात, आणि मग असा माणूस चालतो कसा त्याचं वर्णन येतं. तिथे ही ओवी आहे:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥

केसर चुरगळेल की काय, या शंकेनं भुंगा हलकेच पाय टेकवतो. मी ओवी वाचली आणि पुढची वाचायची विसरलो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं हे सांगितलंय, हे एक. आणि दुसरं म्हणजे तो शब्द. चौथ्या अध्यायात ज्याला संशय म्हणून झोडपलं त्याचा हा सख्खा भाऊ, पण इथे तो वेगळंच काम करतो. भुंग्याला खात्री नाही. खात्री नाही म्हणूनच तो जपून बसतो. मला लॅबमधले आमचे गुरू आठवले, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो. सुती हातमोजे घालून ते गेज असा उचलायचे की जणू झोपलेलं मूल उचलतायत. "हात लावला की माप बदलतं," एवढंच म्हणायचे. आणि मला मंडळातली ती म्हातारीही आठवली, जिला मी एकोणीस वर्षांचा असताना प्रश्न विचारून विचारून रडवलं होतं. मला तेव्हा शंका नव्हतीच. मला खात्री होती.

आईनं बोटं आपटली. मी पुढे वाचू लागलो.

त्या दिवशी दुपारी, सुट्टी होती म्हणून, मी तिला ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताबद्दल सांगितलं. दहाव्या मंडलात आहे, सृष्टी कुठून आली ते विचारतं, आणि शेवटी म्हणतं की परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला ते माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. "यदि वा न वेद."

"वेदात असं लिहिलंय?"

"हो."

"मग लिहिणाऱ्यानं पुढं काय केलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढे काही केल्याची नोंद नाही, सूक्त तिथेच संपतं. तसं सांगितल्यावर ती हसली. म्हणाली, "सकाळी उठून अग्नी पेटवला असंल. दुसरं काय करनार."

मग मी तो प्रश्न विचारला जो पन्नाशी उलटेपर्यंत विचारला नव्हता. "तुला खात्री आहे का गं? देव आहे याची?"

ती बराच वेळ खिडकीच्या कडेला बघत होती, म्हणजे माझ्याकडे बघत होती. तिला आता असंच बघावं लागतं. "तुझे वडील गेले तेव्हा नव्हती," म्हणाली. "मग परत आली का काय ते मी नाही बघितलं. पोथी चालू होती." आणि उठून आत गेली. वडील गेले त्या वर्षीही तिनं श्रावणात सात दिवस वाचलं होतं. मला ती तेव्हा दगडासारखी पक्की वाटली होती, आणि थोडा रागही आला होता.

पाचवा, सहावा दिवस सुरळीत गेले. आवाज बसला तो तसाच राहिला, पण झोका सुटला नाही. कामावर मी खरं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, अरे वा, प्रसाद आणा. एवढंच.

सातव्या दिवशी अठरावा. चारला उठलो, साडेनऊपर्यंत वाचलं. शेवटाला पसायदान आलं तेव्हा बायको, पोरगा, शेजारच्या दोघी, सगळे हात जोडून उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले. मीही म्हणालो. "आतां विश्वात्मकें देवें" म्हणताना मी हात जोडले होते की नाही ते मला खरंच आठवत नाही. मागणं कुणाकडे जातंय ते मला ठाऊक नाही, पण मागणं काय आहे ते ठाऊक आहे, आणि त्याला माझी हरकत नाही. आरती झाली. शिऱ्याचा वास घरभर सुटला. शेजारणी गेल्या. मी पोथी कापडात गुंडाळायला घेतली.

"थांब," आई म्हणाली. "चौथ्यातली एक राहिलीये."

माझे हात तिथेच थांबले.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"चाळीस वर्षं वाचतेय मी."

"मग त्याच दिवशी सांगायचंस."

"वाचताना मधे बोलू नये," ती म्हणाली. "आन् नंतर सांगितलं असतं तर तू रागारागात वाचली असतीस. काढ."

पोथी पुन्हा चौरंगावर ठेवली. चौथ्याचं पान सापडायला वेळ लागला, कारण पेन्सिलीची खूण पाचव्याच्या शेवटाला होती. घसा खाकरला. आई मघाच्या जागी, मघासारखीच मांडी घालून बसली आणि तिनं मान जरा वळवली, म्हणजे मी तिच्या नजरेच्या कडेला येईन अशी.

मी वाचली.

म्हणौनि संशयाहूनि थोर । आणिक नाहीं पाप घोर ।
हा विनाशाची वागुर । प्राणियांसी ॥

"वागुर म्हंजे जाळं," आई म्हणाली. "हरणं धरायचं." मग हात टेकून उठली आणि शिरा वाढायला आत गेली.